सरकलेला खुबा आणि दुसऱ्याचा फोटो

मी तीन महिने दुखणं लपवलं. कारण एवढंच, की डॉक्टरकडं गेलं की आधी वजनकाट्यावर उभं करतात.

आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं, पण नववीत असताना ते कारण मला पुरेसं वाटायचं. उजवा गुडघा दुखायचा. जिना उतरताना, वर्गातून फाटकापर्यंत चालताना, सायकलवर टांग टाकताना. घरी सांगितलं असतं तर सगळ्यांकडून एकच उत्तर आलं असतं: वजन कमी कर. ते उत्तर मी इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यापेक्षा गुडघा परवडला.

एकदा आईच्या लक्षात आलं. ती शिवणाच्या मशीनवर बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मिलिंद, लंगडतोयस व्हय रं?"

"न्हाय. पायाला मुंग्या आल्यात."

गल्लीतल्या डॉक्टरांकडून तिनं गुडघ्याला लावायचं मलम आणलं. डॉक्टरांनी मला न बघताच दिलं होतं, आणि 'वजन कमी करा' हेही सांगितलं होतंच. मी मलम लावत राहिलो. मलम गुडघ्याला होतं आणि मोडत होतं भलतंच काहीतरी.

डंपर

शाळेत माझं नाव डंपर होतं. त्याची मला सवय झाली होती. हाक मारली की मी वळूनसुद्धा बघायचो. नाव वर्गात राहायचं, घंटा झाली की सुटायचं.

मग दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत आमच्या गल्लीच्या तोंडाला सायबर कॅफे निघाला. लाकडी फळ्यांचे कप्पे, प्रत्येकात एक कॉम्प्युटर, पुढं पडदा. त्या काळी सगळ्यांचं खातं ज्या एका साइटवर असायचं, तिथं आमच्या वर्गातल्या कुणीतरी माझ्या नावाची एक कम्युनिटीच काढली. "डंपरला पार्किंग द्या." वर माझा स्नेहसंमेलनातला फोटो. तोंडात जिलेबी, एक हात ताटात. खाली चाळीसच्या वर लोकांनी लिहिलं होतं. त्यातले निम्मे मी ओळखतही नव्हतो.

आता घंटा झाली तरी काही सुटत नव्हतं. मी घरी जेवत असताना, झोपलेला असताना, तो फोटो तिथं होता आणि कुणीही येऊन त्याखाली लिहीत होतं. मी रोज जाऊन बघायचो. नवीन काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. दुसऱ्या कुणी जखमेची खपली काढावी तसं नव्हतं ते, मीच माझी काढत होतो.

त्याच आठवड्यात मी दुसरं खातं उघडलं. नाव विकी, माझ्या आतेभावाचं. फोटोही त्याचाच, नेसरीच्या मळ्यात विहिरीच्या कठड्यावर उभा राहून काढलेला. सडपातळ, उन्हानं रापलेला, केस ओले. "आवड: फुटबॉल. फॉरवर्डला खेळतो," असं मी लिहिलं. कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉल चालतो, कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

या विकीशी आजऱ्याची एक मुलगी बोलायला लागली. मेघा. तीही नववीत. तिचे वडील काजूच्या कारखान्यात कामाला होते. सुरुवातीला आम्ही गणितावर बोलायचो, मग शिक्षकांवर, मग कशावरही. एक दिवस तिनं लिहिलं, "मी बोलताना अडखळते. वर्गात उभं केलं की एक वाक्य सांगायला मला दोन मिनिटं लागतात. इथं लिहिताना अडखळायला होत नाही, म्हणून मला इथं आवडतं."

मी लिहिलं, "मला कळतं." त्या एका वाक्यात मी खोटं बोललो नव्हतो. बाकी सगळं खोटं होतं. परवाच्या मॅचमध्ये मी दोन गोल मारले होते.

शाळा सुटली की मी त्या कप्प्यात जाऊन बसायचो ते दिवेलागणीपर्यंत. उजवा पाय बाहेर वळवून बसलं की कमी दुखायचं. हळूहळू पाय उभं राहिलं तरी बाहेरच वळायला लागला. मी फॉरवर्डला खेळत होतो आणि मला पडद्यापासून दारापर्यंत भिंत धरल्याशिवाय जाता येत नव्हतं.

खुब्याचा फोटो

कॅफेच्या तीन पायऱ्या होत्या. दुसऱ्या पायरीवर माझा पाय नुसता मुडपला आणि मी खाली बसलो. मग उठताच येईना. पप्पा शिरोलीच्या एका फाउंड्रीत फिटर होते, पहिल्या पाळीची सुट्टी होऊन नुकतेच घरी आले होते. कुणीतरी त्यांना बोलावलं. रिक्षात घालताना त्यांनी मला काखेत धरलं, आणि मला दुखण्यापेक्षा जास्त लाज वाटली, कारण त्यांना धाप लागली.

हाडांचे डॉक्टर बुटके, हळू आवाजाचे होते. त्यांनी गुडघा बघितला, सोडला, आणि माझा पाय मांडीपासून वर दुमडला. पाय आपोआप बाहेरच्या बाजूला गेला. त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला.

"किती दिवस दुखतंय?"

"आठ दिवस."

त्यांनी टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी बारीक झाली होती. "आठ दिवसांत मांडी एवढी उतरत नाही बाळ. मी रागावणार नाही. खरं किती ते सांग."

"तीन महिने."

आई माझ्या मागं उभी होती. स्टूल ओढल्याचा आवाज आला. ती खाली बसली होती.

गुडघा दुखत असला तरी दुखणं गुडघ्याचं नव्हतंच. खुब्याचा एक्स-रे फोटो काढला, त्यात दिसलं, की मांडीच्या हाडाचा वरचा गोळा त्याच्या जागेवरून सरकलाय. वाढीच्या वयात हाडाची ती जागा कच्ची असते, आणि वजन जास्त असलं की धोका वाढतो. डॉक्टर समजावून सांगताना म्हणाले, "कोनावरचं आइस्क्रीम कसं एका बाजूला घसरतं, तसं." एवढ्या सगळ्यात त्यांना उदाहरणही आइस्क्रीमचंच सुचलं, याचा मला राग आला, हे अजून आठवतं.

"आता एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. उद्याच ऑपरेशन. स्क्रू घालून गोळा आहे तिथं धरून ठेवायचा." मग ते पप्पांकडं वळले. "अजून उशीर झाला असता तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला असता. मग काही करता आलं नसतं."

"आणि दुसरा पाय?" पप्पांनी विचारलं.

"त्याचंही होऊ शकतं. वाढ थांबेपर्यंत लक्ष ठेवायचं."

पप्पांनी मान हलवली आणि ते बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती.

अठ्ठ्याण्णव

भूल देणाऱ्या मॅडम संध्याकाळी आल्या. औषधाचं माप ठरवायला त्यांना वजन हवं होतं आणि मला उभं करायची सोय नव्हती. "माहीत आहे का?" त्यांनी विचारलं.

शाळेच्या तपासणीत कळलं होतं. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. हळूच म्हणालो, "अठ्ठ्याण्णव."

शेजारच्या खाटेवर मलकापूरकडचे एक शेतकरी होते, ज्ञानूकाका. बैलगाडीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन लावून टांगलेलं. आख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल असा आवाज. मॅडम गेल्यावर ते म्हणाले, "किती म्हनलास रं?"

मी डोळे मिटून घेतले.

"अठ्ठ्याण्णव न्हवं? मी बावन्न हाय. तुझा सरकला, माझा तर तुकडाच पडलाय. मोडायचं असलं की हाड काय वजन इचारत न्हाय बग. झोप जा."

डॉक्टरांच्या दृष्टीनं ते काही बरोबर बोलले नव्हते. पण माझं वजन मोठ्यानं बोललं गेलं होतं, वॉर्डनं ऐकलं होतं, आणि पलीकडच्या खाटेवरचा माणूस पुन्हा आपल्या रेडिओशी खटपट करायला लागला होता. त्या आकड्यानं काहीही झालं नव्हतं. मी खरंच झोपलो.

ऑपरेशनची मला भीती होती ती दुखण्याची नव्हती. सगळे माझ्या अंगाकडं बघतील आणि हसतील याची होती. आत नेल्यावर एका सिस्टरनं हिरवी चादर माझ्या गळ्यापर्यंत ओढली आणि जेवढा पाय लागत होता तेवढाच उघडा केला. "थंडी वाजंल," ती म्हणाली. मला कळलं होतं की ती थंडीसाठी नव्हतं करत. तिचं नाव मला कधीच कळलं नाही.

कमरेखाली भूल होती. ड्रिलचा आवाज ऐकू येत होता, फाउंड्रीतल्यासारखा. मग कुणीतरी म्हणालं, "बसला." बस, एवढंच.

ताईच्या हातातले कागद

सहा आठवडे उजवा पाय टेकायचा नव्हता. दवाखान्यातले सुरुवातीचे दिवस सकाळी सहाच्या चहानं सुरू व्हायचे. मग अंग पुसणं, मग ते भांडं, ज्याबद्दल मी फक्त एवढंच सांगतो, की पहिल्या दिवशी मी रडलो आणि तिसऱ्या दिवशी ते विसरलो. दुपारी फिजिओच्या मॅडम यायच्या. पाय हलवायला लावायच्या आणि मी कण्हलो की म्हणायच्या, "आवाज काढ की. आवाजाला बंदी नाही."

चौथ्या दिवशी मला राहवेना. विकी गायब झाला म्हणून मेघा काय म्हणत असेल? मी सुजाताताईला, माझ्या मोठ्या बहिणीला, गळ घातली. ती कॉलेजातून येताना कॅफेत जाऊन विकीच्या खात्यावर आलेले निरोप छापून आणायला तयार झाली. त्यासाठी पासवर्ड द्यावा लागला. पासवर्ड देताना मी विचारच केला नाही की ती काय बघेल.

संध्याकाळी ती आली, कागद माझ्या पोटावर ठेवले, आणि खुर्ची जवळ ओढून बसली.

"ह्यो फोटो विकीदादाचा हाय न्हवं?"

मी छताकडं बघत राहिलो.

"आणि ते पार्किंगचं काय हाय? तेबी वाचलं मी. किती दिवस चाललंय?"

"सहा महिने झाले."

तिनं काही वेळ माझ्या चादरीची घडी सारखी केली. मला वाटलं, ती ओरडेल, पप्पांना सांगेन म्हणेल. ती म्हणाली, "त्या पोरांचं आपण बघू. पण ह्या पोरीनं तुला खरं खरं लिवलंय मिलिंद. तिला तू सांगणार, का मी सांगू?"

मी वहीच्या पानावर लिहून दिलं. तीन वेळा फाडलं. शेवटी जे राहिलं ते थोडकं होतं: माझं नाव मिलिंद आहे. फोटो माझा नाही. मी फुटबॉल खेळत नाही, मी जाड आहे आणि सध्या दवाखान्यात आहे. तुझं अडखळण्याचं वाचून 'मला कळतं' लिहिलं ते खरं होतं. ताईनं ते टाइप करून पाठवलं. एक शब्दही बदलला नाही.

दोन दिवसांनी उत्तराचा कागद आला. "मी तुला जे कुणाला सांगत नाही ते सांगितलं. तू जाड आहेस म्हणून मला राग आलेला नाही. तू मला दोन गोल सांगितलेस म्हणून आलाय. आता काही दिवस लिहू नकोस. पाय लवकर बरा होवो."

मी तो कागद उशीखाली ठेवला. फार वाईट वाटलं, पण एक गोष्ट नवी होती. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यावर रागावलं होतं आणि त्याचं कारण माझं वजन नव्हतं.

एकच ताट

घरी आल्यावर पहिलं भांडण माझ्यामुळं झालं. मी आतल्या खोलीत कॉटवर होतो, त्यांना वाटलं झोपलोय.

"तूच चारून चारून ही येळ आणलीस," पप्पा म्हणाले.

"मी? आणि रोज येताना कटवडा कोन आणतंय? पोराचं तोंड बघून आणता, आणि नाव माझं."

मग बराच वेळ भांड्यांचा आवाज. मला वाटलं उठून सांगावं, की कटवडा तर मी कॅफेसमोर दुसराही खायचो, त्यात तुमचं दोघांचंही काही नाही. पण कुबड्या हाताशी नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आईनं डॉक्टरांना विचारलं, "ह्याला वेगळं काय काय करून घालू?"

डॉक्टर म्हणाले, "त्याला वेगळं ताट करू नका. घरात सगळ्यांनी एकच खा."

आईनं ते शब्दशः घेतलं. ज्वारीची भाकरी, भाजी, कोशिंबीर, वाटीभर आमटी; रविवारी तांबडा रस्सा, पण त्यावरचा तवंग काढून, आणि सगळ्यांनाच. पप्पा आठवडाभर कुरकुरले. "मी काय आजारी हाय?" असं दोनदा विचारलं. मग गप्प झाले, कारण त्यांच्या पँटचा पट्टा एक भोक आत गेला आणि ते त्यांनी शेजाऱ्यांना जाऊन दाखवलं.

विकीचं खातं मी बंद केलं. स्वतःच्या नावाच्या खात्यावर कुबड्यांसकट काढलेला फोटो टाकला. ताईनंच काढला, दारात, सकाळच्या उन्हात. पोट दिसत होतं. बोट बटणावर ठेवून मी बराच वेळ बसलो होतो. तासाभरातच खाली आलं: "डंपर गॅरेजमध्ये."

त्याआधी मी कधीच काही उलट लिहिलं नव्हतं. त्या दिवशी लिहिलं, "होय. स्क्रू बसवलाय. पुढच्या महिन्यात रस्त्यावर. बाजूला व्हा."

पहिल्यांदा पोरं माझ्याबरोबर हसली. ती कम्युनिटी लगेच बंद झाली असं नाही. ताईनं वर्गशिक्षकांना भेटून ते प्रकरण लावून धरलं, तेव्हा फोटो उतरला. पण तोवर मी तिथं रोज जाऊन बघायचं सोडलं होतं. फिजिओच्या मॅडमनी एका जागी अर्ध्या तासावर बसायला मनाई केली होती, आणि तो नियम मी कॅफेतही पाळला. अर्ध्या तासात माणूस मित्रांना दोन ओळी लिहितो आणि उठतो. शिव्या शोधत बसायला त्याला वेळ उरत नाही.

पाणी

कुबड्या सुटल्यावर मॅडम म्हणाल्या, "पळायचं नाही, उड्या नाहीत. पोहायला जा."

मी त्यांना सांगितलं की शर्ट काढावा लागेल. त्या म्हणाल्या, "हो, पोहताना काढतात."

पहिले दोन दिवस मी तलावाच्या काठावर शर्ट घालून बसलो. तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, "पाण्याला भितोस?" मी नाही म्हटलं. "मग कशाला भितोस?" मी शर्ट काढला आणि शिडी धरून आत उतरलो.

सरांनी मला पाठीवर झोपवलं आणि हात काढून घेतला. मी तरंगलो. शेजारची काटकुळी पोरं हातपाय मारून बुडत होती आणि मी आडवा, स्वस्थ, कान पाण्यात, वर आभाळ. चौदा वर्षांत माझ्या अंगानं पहिल्यांदाच मला कशात तरी साथ दिली होती. सर म्हणाले, "तुला शिकवायचं अर्धं काम झालंय."

मग मी सोडलंच नाही. दर तीन महिन्यांनी दुसऱ्या खुब्याचा फोटो निघायचा. त्याच्या आदल्या दिवशी घरात कुणी नीट जेवायचं नाही. आई बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीपुढं जरा जास्त वेळ उभी राहायची. फोटो चांगला आला की पप्पा परतताना मोसंबी घ्यायचे. वजन उतरलं, पण जाहिरातीत दाखवतात तसं नाही. सावकाश, दोन किलो खाली, एक वर. मी आजही बारीक नाही. डॉक्टरांना सांगितलेले ते 'आठ दिवस' हे दुखण्याबद्दलचं माझं शेवटचं खोटं; त्यानंतर कुठंही दुखलं की त्याच दिवशी सांगितलं. हे वाचणाऱ्या एखाद्या पोराचं किंवा पोरीचं काही दुखत असेल आणि काट्याच्या भीतीनं ते गप्प असेल, तर त्याला मी एवढंच सांगेन: काट्यावर उभं राहायला दोन सेकंद लागतात. आज सांग.

वर्षानं माझ्या खऱ्या नावाच्या खात्यावर मेघाचा निरोप आला. त्यात एक नंबर होता. "फोन कर. मी अडखळेन. तू मधे शब्द सुचवायचा नाहीस, थांबायचंस." मी दुकानाबाहेरच्या फोनवर उभा राहून केला. ती अडखळली. मी थांबलो. मागं उभा असलेला माणूस "आटपा की पावणं," म्हणत होता, तरी थांबलो. ती आज बँकेत अधिकारी आहे आणि माझी मैत्रीण आहे.

अकरावीत असताना डॉक्टरांनी दोन्ही खुब्यांचा फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, "वाढ पूर्ण झाली. आता सरकायची भीती नाही. पुन्हा यायचं कारण नाही तुला." आईनं त्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग ती तिथंच, ओपीडीच्या बाकावर बसून, मोठ्यानं हसली. मी तिला तसं हसताना क्वचितच पाहिलं होतं.

त्याच हिवाळ्यात पंचगंगेच्या घाटावर पोहण्याची शर्यत होती. वरच्या बाजूच्या एका वळणापासून घाटापर्यंत. सरांनी माझं नाव न विचारता घातलं. तीसएक पोरं होती, बहुतेक तालमीतली, अंगावर चरबीचा कण नसलेली. सकाळचं पाणी बर्फासारखं. मला त्याचं फार वाटलं नाही. माझ्याकडं अंगचंच पांघरूण होतं. पहिल्या टप्प्यात सगळे पुढं गेले. अर्ध्या वाटेवर त्यांचे हात गारठायला लागले आणि मी एकेकाला मागं टाकत गेलो, सरळ, घाई न करता. काठावरून एक आवाज माझ्याबरोबर चालत होता. "मिलिंद, हाण. हाण की." पप्पा होते. चिखलातून, चप्पल हातात घेऊन, माझ्या बरोबरीनं येत होते.

मी नववा आलो. बक्षीस तिघांनाच होतं. घाटाच्या पायऱ्या चढून मी वर आलो, दोन्ही पाय सरळ टाकत. लोक बघत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पप्पांना विचारलं, "कुणाचं हो हे पोरगं? मागनं येऊन लई पाणी कापलं की त्यानं."

"आमचं हाय," पप्पा म्हणाले.

मी टॉवेलसाठी हात पुढं केला. त्यांनी तो दिला नाही, काखेत तसाच धरून ठेवला.

"वाळ की जरा उन्हात," ते म्हणाले. "बघूंदेत लोकं."